तो विषय वेगळा

पत्र असं आहे :

ताई, आम्ही वसईच्या किनाऱ्यावरचे कोळी. घरची बोट आहे, नवरा आणि दीर मिळून डोल जाळ्याने मासेमारी करतात, मी बाजारात बसते. वय बेचाळीस. मासेमारीबंदीच्या दिवसांत, जुलैमध्ये, मी आयुष्यात पहिल्यांदा पाच दिवसांच्या तपसाधनेला गेले. शेवटच्या दिवशी वेदीपुढे गुडघे टेकून म्हटलं, "येशू, आजपासून सगळं तुझं, माझं काहीच ठेवत नाही." इतकी रडले की शेजारच्या बाईने स्वतःचा पदर पुढे केला. घरी आल्यावर पंधरा दिवस पाय जमिनीवर नव्हते. पहाटे चारला उठून रोझरी, मग बायबल. पुढे बंदी उठली, बोट गेली, बाजार सुरू झाला आणि सगळं ओसरलं. आता रोझरी अर्ध्यावर आली की डोळा लागतो. गिऱ्हाइकाशी तोंड वाजतं. परवा तर कालची पापलेटं आजची म्हणून विकली. तपसाधनेत प्रवचनकार म्हणाले होते, कोमट माणसाला देव तोंडातून ओकून टाकतो. ते शब्द डोक्यातून जात नाहीत. मी कोमट झाले का? मैत्रीण म्हणते, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, धंदा सोड आणि पूर्णवेळ प्रार्थनासेवेत ये. नवरा म्हणतो, मुलीच्या कॉलेजची फी कोण भरणार? काय करू? घरात बाकी सगळं ठीक. फक्त जावेशी सहा वर्षं बोलणं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाटल्या सापडल्या नाहीत, तर तिने चार माणसांत मला चोर म्हटलं. पाटल्या सासूबाईंनीच बोटीच्या इंजिनासाठी मोडल्या होत्या, मला ठाऊक आहे. पण मी का सांगू? ती आठच्या मिस्सेला असते, म्हणून मी सहाच्या मिस्सेला जाते. असो, तो विषय वेगळा.

बाय,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तपसाधनेहून आल्यावर पुष्कळांची भक्ती ओसरते, तसंच हे. दुसऱ्यांदा वाचताना तुमची भीती दिसली. तिसऱ्या वेळी शेवटच्या ओळीशी थांबले ती अजून तिथेच आहे. त्या ओळीकडे मी येणार आहे. पण जे विचारलंत त्याचं उत्तर आधी देते, कारण मनात धडधड असली की माणसाला पुढचं ऐकू येत नाही.

कोमटपणाचा तो उतारा बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. लावदिकीया नावाच्या शहरातल्या मंडळीला लिहिलेलं ते पत्र. हे शहर आजच्या तुर्कस्तानात होतं. जवळच्या हिरापोलीला गरम पाण्याचे झरे होते, ते आजही वाहतात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी थंडगार. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून, दगडी नळांतून आणावं लागे, आणि पोचेपर्यंत ते ना गरम ना गार, क्षारांनी भरलेलं असे. आता ख्रिस्ताचे शब्द बघा. तो म्हणतो, तू गरम किंवा थंड असतास तर बरं होतं. थंड म्हणजे अविश्वासू असा अर्थ असता, तर तो तसं कशाला म्हणाला असता? म्हणून कित्येक अभ्यासक या ओळींचा अर्थ त्या पाण्यावरून लावतात, आणि मला तोच पटतो. आपल्याकडे सांधे धरलेली माणसं वज्रेश्वरीच्या गरम कुंडांत जाऊन बसतात. मे महिन्यात उन्हातून आलेल्याला विहिरीचं गार पाणी देतात. दोन्ही पाणी कामाचं. जे कुणाच्याच कामाचं नाही, ते कोमट. गोष्ट अंगातल्या तापमानाची नाहीच, उपयोगाची आहे.

आणि त्या मंडळीचं दुखणं काय होतं, तेही तिथेच लिहिलंय. ती म्हणत होती, "मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही." तुम्ही तर चार पानं भरून लिहिलंय की माझ्याजवळ काही उरलं नाही. हे दुखणं तुमचं कसं असेल? शिवाय तीन-चार ओळी पुढे वाचा. ओकून टाकीन म्हणणारा तोच ख्रिस्त त्याच लोकांच्या दाराशी उभा राहून दार ठोठावतो, आत येऊन तुमच्याबरोबर जेवीन म्हणतो. "मी दाराशी उभा आहे" हे वचन आपण बाहेरच्या लोकांना ऐकवतो, पण ते लिहिलंय श्रद्धावंतांना, आणि तेही कोमट श्रद्धावंतांना. प्रवचन तिथपर्यंत गेलं असतं, तर तुमची झोप उडाली नसती.

आता ते ओसरणं. तुमच्या घरी डोल आहे, म्हणजे हे मी तुम्हाला शिकवायला नको. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाण्याला जोर असतो, डोल तोंड उघडून फुगते. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी मरतं, डोल लोंबत राहते, हाताला फारसं काही लागत नाही. मीही कोळ्याचीच लेक. भांगाच्या दिवसांत आमच्या वडिलांनी बोट विकायला काढलेली मला आठवत नाही. ते ओटीवर जाळं पसरून बसत. डाव्या हाताने जाळं पुढे सरकवत जात आणि मध्येच थांबत. एखादी आस, म्हणजे जाळ्याचं एक घर, तुटलेली असे. आम्हाला ती दिसतही नसे, त्यांच्या बोटांना कळे. "ही आज एक आहे, उधाणाला तिच्यासोबत दहा जातील," म्हणत. मग सुई घेऊन तेवढ्या एका आसेवर पाव तास खर्च करत. उधाणात म्हावरं मिळतं, पण जाळं फाटलंय कुठे ते बघायला भांगच लागतो.

तपसाधनेचे पाच दिवस आणि पुढचे पंधरा हे तुमचं उधाण होतं. ते खरं होतं. ते रडणं खोटं होतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, स्वतःही म्हणू नका. पण उधाण कायम राहावं म्हणून देवाशी भांडू नका. पहाटे चारची रोझरी आता जमणार नाही, पहाटे तुम्हाला बंदरावर म्हावऱ्यासाठी उभं राहायचं असतं. टोपली डोक्यावर घेऊन चालताना रोझरीचं एक रहस्य, म्हणजे दहा मण्यांचा एक टप्पा, म्हणा, एकच, पण जागेपणी. यापेक्षा जास्त यावर लिहीत नाही. तुमच्या पत्रात याहून मोठं काम पडलंय.

धंदा सोडायचा का, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे : नको. निदान आत्ता नको, आणि या कारणासाठी तर मुळीच नको.

प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात लुदिया नावाची बाई भेटते. जांभळ्या कापडाची व्यापारीण, मूळची थुवतीराची, धंद्यासाठी फिलिप्पै शहरात. प्रेषित पौल नदीकाठी बोलत होता, ती ऐकत होती, आणि प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. पुढे काय झालं? तिने दुकान बंद केलं असं तिथे कुठेही नाही. तिने घर उघडलं. पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आग्रह करून घरी नेलं, आणि पुढे पौल आणि सिला तुरुंगातून सुटले तेव्हा सरळ तिच्याच दारात गेले. मन उघडलं, मग दार उघडलं. हा क्रम लक्षात राहू द्या, मला तो पुढे लागणार आहे.

मुलीच्या फीबद्दलही सांगते. येशूच्या काळात काही माणसं पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, असं जाहीर करत आणि म्हाताऱ्या आईबापांना द्यायचं टाळत. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू यावर चिडलाय. देवाच्या नावावर घरच्यांचं देणं बुडवणं त्याला चालत नाही. आईबापांना जे लागू, ते लेकरांना लागू नाही असं मला वाटत नाही. तुमच्या मुलीची फी हेही देवाचंच काम आहे. १९६४ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेवरच्या संविधानात एक अख्खं प्रकरण, पाचवं, हे सांगण्यासाठी दिलं की पावित्र्याचं पाचारण सगळ्यांना आहे, फादर-सिस्टरांपुरतं नाही. आपण प्रापंचिक माणसांनी अजून ते पुरतं मनावर घेतलेलं नाही. अजूनही आपल्याला वाटतं की खरं समर्पण पांढऱ्या झग्यात असतं आणि आपण टोपलीवाल्या दुसऱ्या रांगेतल्या.

सगळं सोडून जाणारेही असतात, आणि त्यांच्यासमोर मी डोकं टेकवते. आपल्याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया घ्या. तरुणपणी जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, मग व्यापारात पडला आणि त्यात त्याचा जमही बसला. तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेला, धर्मगुरू म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. दुभाषा होऊन पुन्हा जपानला गेला. दुसऱ्याचे शब्द तिसऱ्याला समजावून सांगायचे, आपण मध्ये उभं राहायचं, हे त्याचं काम. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारलं. १८६२ साली तो संत झाला. असं बोलावणं ज्याला येतं, त्याने जावंच. पण तुमच्या पत्रात मी बोलावणं शोधलं, मला सापडली ती भीती. भीतीने घर सोडलेली बाई प्रार्थनेच्या हॉलमध्ये जाऊनही भीतच राहते.

कालच्या पापलेटांचं तुम्हालाच टोचलंय, म्हणून दोनच शब्द. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो असं नीतिसूत्रांत आहे, आणि कालचं म्हावरं आजचं म्हणणं हा तराजूच आहे. उद्यापासून कालचं ते कालचं म्हणून सांगा आणि भाव उतरवा. ती गिऱ्हाइकं आठवत असतील तर त्यांना पुढच्या वेळी दोन पापलेटं जास्त घाला, आणि का ते सांगा.

आता शेवटची ओळ.

"असो, तो विषय वेगळा."

बाय, वेदीपुढे तुम्ही म्हणालात, सगळं तुझं. आणि पत्रात लिहिलंत, तो विषय वेगळा. ही दोन वाक्यं एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही मनापासूनची आहेत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ढोंग करत नाही. पण या दोन वाक्यांच्या मधे तुमचं मन उभं चिरलंय, आणि ज्या फटीतून तुमचं उधाण वाहून गेलं ती फट मला बाजारात दिसत नाही, रोझरीतही दिसत नाही, इथे दिसते.

संपूर्ण मन म्हटलं की आपल्याला तुडुंब भरलेलं मन आठवतं. भावना, अश्रू, अंगावर काटा. शहाऐंशीव्या स्तोत्रात मागणं वेगळंच आहे. मूळ हिब्रूत तिथे शब्दशः आहे : माझं हृदय एक कर. भरून टाक, पेटव, मोठं कर, असं काहीच नाही. एक कर. लहान मन असू दे, थकलेलं असू दे, रोझरीत डुलक्या घेणारं असू दे, पण त्यात कुलूप लावलेली वेगळी खोली नको. तुमच्या घरात एक खोली आहे, तिच्यात सासूबाईंच्या पाटल्या ठेवल्यात, आणि किल्ली तुमच्या कमरेला आहे.

मला कळतंय की चुकलं तिचं. चार माणसांत चोर म्हणवून घेणं काय असतं, ते ज्याला म्हटलंय त्यालाच कळतं. आणि तुम्ही निर्दोष आहात. म्हणूनच हे अवघड आहे. आपण चुकलो असतो तर कधीच जाऊन माफी मागितली असती. पण निर्दोष माणसाजवळ एक गोष्ट असते जी सोडवत नाही, ती म्हणजे आपलं खरेपण. पाटल्या कुठे गेल्या हे तुम्ही सहा वर्षं सांगितलं नाही. सासूबाईंची शपथ होती म्हणून नाही, तर एक दिवस ते बाहेर येईल, ती खाली मान घालेल आणि तुम्ही बघाल, म्हणून. मी चुकत असेन तर मला लिहा. पण मी हे ओळखते, कारण मीही तेच केलंय.

आमचे वडील गेल्यावर माझं आणि माझ्या भावाचं राहत्या घरावरून वाजलं. त्याने मधलं दार विटांनी बुजवलं. त्या वेळी मी शाळेत शिकवत होते, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत होते, चर्चच्या गायनात होते. अकरा वर्षं मी "आम्हाला क्षमा कर, जसे आम्ही क्षमा करतो" मुलांकडून पाठ करून घेतलं, आणि भिंतीपलीकडे भाऊ खोकला की रेडिओ मोठा करत होते. भिंत त्याने बांधली होती, म्हणजे पहिलं पाऊल त्याचं, असा माझा हिशोब. हिशोब अगदी बरोबर होता.

एका पावसाळ्यात तो बराच आजारी आहे असं कानावर आलं. संध्याकाळी गेले. काय बोलायचं ते वाटेत दहादा ठरवलं होतं. तो ओटीवर जाळं घेऊन बसला होता, अंग पार वाळलेलं. त्याने वर बघितलं, परत खाली बघितलं. मी उभीच. पायरीवर पागोळ्या पडत होत्या, माझी चप्पल भिजत होती. मग त्याने रिकामी सुई माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "दोरा भर." लहानपणी वडिलांना सुईत दोरा भरून द्यायचं काम माझं असे. मी बसले आणि दोरा भरला. तासाभरात आम्ही चार वाक्यं बोललो असू, तीही जाळ्याबद्दल. घराची वाटणी त्यानंतर तीन वर्षांनी झाली आणि त्यात थोडी कटकटही झाली. पण भाऊ परत मिळाला. चार वर्षं मिळाला. अकरा वर्षं मी घालवली आणि चार मला मिळाली, हा हिशोबही बरोबर आहे. तो मला अजून झोपू देत नाही.

मार्कच्या पहिल्या अध्यायात याकोब आणि योहान बोटीत जाळी नीट करत बसलेले असतात, तेव्हा येशू त्यांना हाक मारतो. 'नीट करणं' याला तिथे जो ग्रीक शब्द आहे, कतार्तिझो, तोच शब्द पौल गलतीकरांना लिहिताना वापरतो : कुणी चुकला तर त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा. जाळं सांधणं आणि माणूस सांधणं, शब्द एकच. कोळ्यांच्या घरात वाढलेल्या आपल्याला याचा अर्थ दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नसावी.

आणखी एक जागा दाखवते. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला नाकारलं ते महायाजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. पुढे पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी शिष्य रात्रभर जाळी टाकून पहाटे किनाऱ्याला आले, तर येशूने विस्तव पेटवून ठेवलेला, वर मासे. तोही कोळशाचाच विस्तव. कोळशाच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. मला वाटतं शुभवर्तमानात योहानाने तो मुद्दाम ठेवलाय. पेत्राला किती बरं वाटलं असतं जर येशू म्हणाला असता, झालं ते झालं, तो विषय वेगळा, चल कामाला लागू. पण त्याने पेत्राला त्याच वासात, त्याच धगीजवळ बसवलं. आधी खायला दिलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्यानंतर सोपवली.

म्हणजे तुम्ही काय करायचं, ते सांगते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन नीट वाचा. वेदीवर दान वाहताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. 'तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध' असं नाही म्हटलेलं. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. खरं की खोटं, हेही विचारलेलं नाही. जावेच्या मनात तुम्ही चोर आहात, आणि ते पुसायला लागणारी गोष्ट जगात फक्त तुमच्याजवळ आहे. तेव्हा जायचं तुम्हीच.

आधी नवऱ्याला सांगा. इंजिनाचा पैसा कुठून आला हे त्याला ठाऊक असेल तर तोही सहा वर्षं गप्प आहे, आणि त्यालाही हे सुटायला हवंय. मग कुमसार घ्या, म्हणजे पापांची कबुली द्या, फादरांना ही गोष्ट नावानिशी सांगा, 'थोडा राग आहे' एवढ्यावर सोडवून घेऊ नका. मग जावेकडे जा. भर दुपारी नको, बोट आल्यावर नको, दोघीही दमलेल्या असता. सोनाराची पावती असली तरी पहिल्या दिवशी नेऊ नका. कागद आधी गेला की माणूस आरोपी होतो. तिने मागितली तर दुसऱ्या दिवशी द्या. आणि "मी तुला माफ केलं" हे वाक्य तोंडातून काढू नका. तिने मागितलेलीच नाही, तिला ती चपराक वाटेल. एवढंच म्हणा, "पाटल्या आईंनी इंजिनासाठी मोडल्या. मला माहीत होतं. सहा वर्षं मी तुला सांगितलं नाही, हे माझं चुकलं."

ती रडून गळ्यात पडेल असं धरून जाऊ नका. बहुतेक ती चिडेल. विचारेल, "मग इतकी वर्षं मला खोटी का पडू दिलीस?" हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा बाजू मांडू नका. ज्या इंजिनावर दोघींच्या चुली पेटतात, त्यात त्या पाटल्या आहेत, हे तिला कळायला वेळ लागेल. दार लावून घेतलं तर परत या, महिन्याने ताजी कोळंबी घेऊन पुन्हा जा. तुमच्या हातात जाणं आहे, तिचं दार उघडणं तुमच्या हातात नाही, आणि देव त्याचा जाब तुम्हाला विचारणार नाही.

हे सदर इतर बहिणीही वाचतात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. मी इथे जावाजावांच्या अबोल्याबद्दल बोलते आहे. ज्या घरात हात उगारला जातो, त्या घरातल्या बाईला कुणी 'पूर्ण समर्पण' म्हणून परत त्याच दारात पाठवत असेल, तर तो ख्रिस्ताचा निरोप नाही. तिने आधी सुरक्षित जागी जावं, विश्वासाचं माणूस सोबत घ्यावं, पोलिसांकडे जावं लागलं तर जावं. क्षमा मनात होऊ शकते, त्यासाठी मार खायला परत जावं लागत नाही.

आणि बाय, वेदीपुढे दिलेला तो शब्द मागे घेऊ नका. "सगळं तुझं" म्हणालात तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं त्या सगळ्यात काय काय येतं. कुणालाच नसतं. लग्नात 'सुखात आणि दुःखात' म्हणताना आपल्याला तरी काय ठाऊक होतं? शब्द पुढे जातो, माणूस मागून पोचतो. देवाला तुमचा शब्द पोचलाय. आता तो त्यातली एक वस्तू नाव घेऊन मागतोय, आणि तुम्हाला वाटतंय भक्ती आटली. मला वाटतं त्याने तुमचं बोलणं खरं धरलं.

जावेकडे जाऊन आलात की पुढच्या रविवारी सहाच्या मिस्सेला जाऊ नका, आठच्या मिस्सेला जा. ती डावीकडे बसत असेल तर तुम्ही फार लांब बसू नका. शांती देण्याची वेळ आली की हात जोडून तिच्याकडे वळा. ती वळली नाही तरी वळा.

मग मला पत्र लिहा. तुमच्या पहिल्या पत्रात मुलीचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, बोटीचं आहे, मैत्रिणीचं आहे. मी ती छापली नाहीत, पुढेही छापणार नाही. जावेचं नाव मात्र चार पानांत एकदाही आलेलं नाही. या वेळी ते लिहा.